क्रमांक वस्तूचा, बाण जागेचा

भिंतीचा छेद दाखवणारे एखादे ड्रॉइंग घ्या. दोन समांतर रेषांमध्ये तिरप्या रेघा दिसल्या की वीटकाम आहे, एवढे कळते. पण वीट भाजलेल्या मातीची की फ्लाय अ‍ॅशची, मसाल्याचे प्रमाण काय, बाहेरचा गिलावा एका थराचा की दोन थरांचा, जोत्यावर ओल अडवणारा थर कशाचा, हे रेषेला सांगता येत नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते, आणि शब्द ड्रॉइंगवर आणण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत वस्तूपासून बाणरेषा बाहेर काढून तिच्या टोकाशी पूर्ण मजकूर लिहितात. दुसऱ्या रीतीत बाणरेषेच्या टोकाशी फक्त एक क्रमांक येतो आणि त्या क्रमांकाचा अर्थ शीटच्या उजव्या कडेला असलेल्या यादीत मिळतो. या दुसऱ्या प्रकारच्या टिपेला वास्तुविशारद कीनोट म्हणतात. हा क्रमांक कसा द्यावा, हा प्रश्न वरवर कार्यालयीन शिस्तीचा वाटतो आणि बहुतेक वेळा तो सर्वांत कनिष्ठ ड्राफ्ट्समनवर सोपवला जातो. माझे म्हणणे असे आहे की तो रचनेचा प्रश्न आहे आणि त्याचे एक उत्तर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आहे. कीनोटचा क्रमांक ती टीप शीटवर कितवी आली हे सांगणारा नसावा. बाण ज्या वस्तूकडे जातो ती बांधकामाच्या कोणत्या शाखेतली आहे, हे त्याने सांगावे. आणि ड्रॉइंगच्या संपूर्ण संचात त्या वस्तूचा तोच एक क्रमांक राहावा.

क्रमांकाची गरज मुळात पुनरुक्तीतून निर्माण होते. मध्यम आकाराच्या इमारतीच्या संचातही एकच वस्तू प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन आणि डिटेल अशा अनेक ठिकाणी दिसते, आणि ती शीट वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या आठवड्यांत तयार झालेली असतात. गच्चीवर पाणी अडवण्यासाठी घातलेला थर घ्या. एका शीटवर तो ‘ब्रिकबॅट कोबा’ म्हणून येतो, दुसऱ्यावर ‘बीबीसी’, तिसऱ्यावर नुसते ‘वॉटरप्रूफिंग’ आणि चौथ्यावर ‘उतारासह जलरोधक थर’. काढणाऱ्याच्या मनात ही एकच गोष्ट असते. पण दर भरणाऱ्या ठेकेदाराने काय समजावे? वेगळा शब्द वापरला म्हणजे वेगळी वस्तू अभिप्रेत आहे, असे मानणे व्यवहारात आणि करारातही वाजवी ठरते. मग साइट इंजिनियर प्रश्न पाठवतो, उत्तर यायला वेळ लागतो, आणि तोवर काम थांबते किंवा अंदाजाने पुढे जाते. यातले दुसरे अधिक महाग पडते. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने १९८० च्या सुमारास प्रत्यक्ष बांधकामाच्या जागांवर जाऊन गुणवत्तेच्या तक्रारी कुठून उगवतात याचा शोध घेतला. त्यात कारागिराच्या निष्काळजीपणाइतकेच ठळक कारण पुढे आले ते अस्पष्ट किंवा अपुऱ्या माहितीचे. पुढे त्या देशात ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन आणि मोजमापाची यादी यांना एकाच सूत्रात बांधण्याची जी चळवळ झाली, तिने याच निष्कर्षाचा आधार घेतला. म्हणजे टिपांची भाषा एकसारखी ठेवण्याचा आग्रह टापटिपीच्या हौसेतून आलेला नाही. त्यामागे भिंती पाझरण्याचा अनुभव आहे.

क्रमांक देण्याच्या प्रचलित पद्धती तीन आहेत, आणि त्यांची कसोटी पहिल्या दिवशी लागत नाही. ती ड्रॉइंग बदलायला लागल्यावर लागते. पहिली पद्धत शीटपुरत्या क्रमांकांची. प्रत्येक शीटवर १, २, ३ असे नव्याने मोजायचे. ती सोपी आहे, यादी आटोपशीर राहते, आणि एकटे शीट वाचताना काही अडत नाही. पण साइटवर कोणी एकटे शीट वाचत नाही. सेक्शनच्या शीटवर ५ म्हणजे खिडकीखालची सिल आणि डिटेलच्या शीटवर ५ म्हणजे पॅरापेटवरची पत्र्याची फ्लॅशिंग, असे असेल तर दोन शीट शेजारी ठेवून पाहणाऱ्याला एकाच आकड्याचे दोन अर्थ एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात. मधली ३ क्रमांकाची टीप रद्द झाली की पुढचे सगळे आकडे एकाने खाली आणायचे की मधे पोकळी ठेवायची, हा पेच आहेच. आकडे खाली आणले तर गेल्या आठवड्याच्या पत्रात लिहिलेला ‘टीप ७’ आता भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. दुसरी पद्धत संपूर्ण संचासाठी एकच सलग यादी करण्याची. यात आकड्याचा अर्थ शीटनुसार बदलत नाही, हा खरा फायदा आहे. पण यादीचा क्रम म्हणजे कोणाला काय केव्हा आठवले त्याचा क्रम. ती दीडशे टिपांपर्यंत वाढली की ‘सांध्यात भरायचे सीलंट’ यादीत आधीच आहे का, हे पाहायला सगळी यादी वाचावी लागते. घाईत असलेला माणूस ती वाचत नाही. तो १५१ वी टीप लिहून मोकळा होतो, आणि ज्या पुनरुक्तीपासून सुटण्यासाठी यादी केली ती पुनरुक्ती यादीतच शिरते. तिसरी पद्धत वर्गीकरणाची. क्रमांकाचा पहिला भाग कामाची शाखा सांगतो, दुसरा भाग त्या शाखेतली नेमकी वस्तू. सीलंट शोधायचे तर यादीत एकाच ठिकाणी पाहावे लागते. तिथे ते नसेल तर कुठेच नाही.

या तिसऱ्या पद्धतीचे मोल ग्रंथालयांच्या इतिहासात चांगले दिसते. पूर्वी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाला मिळणारा क्रमांक त्याच्या जागेचा असे: अमुक कपाट, अमुक फळी, डावीकडून अमुक. नवे कपाट आले किंवा संग्रह वाढला की सगळे क्रमांक खोटे पडत. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यातली निर्णायक कल्पना ही होती की क्रमांक पुस्तकाच्या विषयाला द्यायचा, फळीला नाही. मग पुस्तक कोणत्याही खोलीत गेले तरी क्रमांक तोच राहतो, आणि दोन पुस्तकांच्या मधे तिसरे आले तरी कोणाला सरकावे लागत नाही. आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात हा विचार आणखी पुढे नेला आणि एका विषयाचे वेगवेगळे पैलू क्रमांकात वेगळे दाखवण्याची सोय केली. शीटपुरता कीनोट हा फळीचा क्रमांक आहे. ड्रॉइंगचे काम वर्षभर चालते, शीट वाढतात, फुटतात, एकत्र होतात. त्या हालचालीत टिकेल असा क्रमांक वस्तूला चिकटलेलाच असावा लागतो. जागा सांगायला बाण आहे. तेच काम क्रमांकाकडून पुन्हा करून घेण्यात अर्थ नाही.

बांधकामासाठी असे वर्गीकरण प्रत्येक कार्यालयाने नव्याने शोधायची गरज नाही. अमेरिकेतील कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि १९६३ मध्ये तिने स्पेसिफिकेशनची मांडणी १६ विभागांत बसवली. पुढे ती मास्टरफॉरमॅट या नावाने रूढ झाली. ३ म्हणजे काँक्रीट, ४ म्हणजे मेसनरी, ७ म्हणजे उष्णता आणि ओल यांपासून संरक्षण, ८ म्हणजे दारेखिडक्या, ९ म्हणजे फिनिशिंग, हा क्रम तिथल्या तीन पिढ्यांच्या वास्तुविशारदांना, ठेकेदारांना आणि माल पुरवणाऱ्यांना पाठ झाला. १९८० च्या दशकात ओन्काल ‘ड्यूक’ गुझे आणि जेम्स फ्रीहॉफ या वास्तुविशारदांनी कॉनडॉक नावाची पद्धत मांडली. त्यांनी केलेली जोडणी साधी पण दूरगामी होती: स्पेसिफिकेशनमधल्या प्रकरणाचा जो क्रमांक, तोच ड्रॉइंगवरच्या टिपेचा क्रमांक, आणि एका प्रकरणात अनेक वस्तू असतील तर त्यामागे एक अक्षर. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅड मानकाने या प्रकाराला ‘रेफरन्स कीनोट’ म्हणून मान्यता दिली. आजच्या मास्टरफॉरमॅटमध्ये पत्र्याच्या फ्लॅशिंगचे प्रकरण ०७ ६२ ०० आहे. ड्रॉइंगवर बाणाच्या टोकाशी ‘०७ ६२ ००.ए’ दिसले की वाचणाऱ्याला यादीत वस्तूचे नाव मिळते आणि पत्र्याची जाडी, जोड, खिळे यांचे नियम कोणत्या प्रकरणात आहेत तेही त्याच आकड्यातून कळते. ब्रिटनमध्ये १९८७ साली आलेल्या कॉमन अ‍ॅरेंजमेंटने हेच काम तिथल्या रीतीने केले. तिथे वीट आणि ब्लॉकच्या भिंतींना एफ१० हा संकेत होता, आणि ड्रॉइंगवर ‘एफ१०’ व त्यापुढे कलमाचा आकडा लिहिला की स्पेसिफिकेशनचे नेमके कलम उघडता येई. दोन देशांत, दोन वेगवेगळ्या करारपद्धतींत लोक एकाच उत्तराशी पोहोचले, कारण अडचण एकच होती.

ती अडचण अशी की बांधकामाची माहिती एका कागदावर मावत नाही, आणि प्रत्येक कागदाचे काम वेगळे असते. ड्रॉइंगने सांगायचे वस्तू कुठे आहे, केवढी आहे, शेजारच्या वस्तूला कशी भिडते. स्पेसिफिकेशनने सांगायचे ती कोणत्या दर्जाची, कशी बसवायची, कशी तपासायची. मोजमापाच्या यादीने सांगायचे ती किती आणि कोणत्या दराने. प्रत्येक गोष्ट एकदाच, तिच्या योग्य जागी सांगितली तर विसंगतीला वाव राहत नाही. दोनदा सांगितली की एक दिवस दोन्हींपैकी एकच बदलली जाते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या ए२०१ या सर्वसाधारण अटींमध्ये करारातले सर्व कागद परस्परपूरक मानले आहेत: एका कागदात मागितलेली गोष्ट सगळ्यांत मागितल्याप्रमाणे बांधील असते. हे तत्त्व उदार आहे, पण त्यामुळेच दोन कागदांतला विरोध आपोआप सुटत नाही. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात विसंगती आढळल्यास कोणाचे मानायचे याचा क्रम लावून दिला आहे: आधी मोजमापाच्या यादीतील बाबीचे वर्णन, मग विशेष स्पेसिफिकेशन आणि अटी, त्यानंतर ड्रॉइंग, आणि शेवटी विभागाची व भारतीय मानक ब्युरोची सर्वसाधारण स्पेसिफिकेशने. या क्रमाकडे नीट पाहिले की ड्रॉइंगवर लांबलचक मजकूर लिहिण्याची हौस किती व्यर्थ आहे हे लक्षात येते. बाणाच्या टोकाशी ‘१:४ प्रमाणात २० मिमी गिलावा’ असे लिहिले आणि यादीतल्या बाबीत १:६ असेल, तर ड्रॉइंगचे म्हणणे मागे पडते. पण मागे पडण्याआधी ते भांडण लावून जाते. तिथे गिलाव्याचा क्रमांक आणि ‘बाहेरचा सिमेंट गिलावा’ एवढे शब्द असते, तर भांडायला काही उरलेच नसते.

यातून टिपेचा मजकूर कसा असावा याचे नियम आपोआप निघतात. टीप म्हणजे वस्तूचे नाव. तिची जाहिरात, कृती किंवा करार नव्हे. नाव आधी, विशेषण नंतर: ‘फ्लॅशिंग, पत्र्याची’, ‘सीलंट, बाहेरच्या सांध्यासाठी’. असे केल्याने यादी चाळणारी नजर आधी मुख्य शब्दावर पडते. कंपनीचे नाव टिपेत नको, कारण पर्यायी माल मंजूर झाला की सगळी शीट शिळी होतात. संख्या नको, कारण संख्या ड्रॉइंगमध्येच मोजता येते. ‘ठेकेदाराने पुरवावे व बसवावे’ नको, कारण संपूर्ण करार त्याचसाठी आहे. माप घालावे का, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे. एकाच प्रकारच्या वस्तूची दोन मापे इमारतीत असतील आणि त्यांनी वेगळेपण ठरत असेल, तर माप नावाचाच भाग होते आणि त्याला स्वतंत्र अक्षर मिळावे. तसे नसेल तर माप डिटेलमध्ये, मापाच्या रेषेवर शोभते. रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही द्यायचा नाही. तो यादीत ‘वापरात नाही’ म्हणून राहू द्यावा, कारण जुन्या पत्रांत, बैठकांच्या टिपणांत आणि साइटवर लटकलेल्या जुन्या प्रिंटमध्ये तो अजून जिवंत असतो.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप वाचणाऱ्याच्या बाजूने येतो. पूर्ण मजकूर बाणाच्या टोकाशी असेल तर नजर हलत नाही. क्रमांक असेल तर ती प्रत्येक वेळी यादीकडे जाते आणि परत येते, आणि या ये-जा करण्यात चूक होते. हा आक्षेप नुसत्या सवयीचा नाही, त्याला संशोधनाचा आधार आहे. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून पुढच्या काही वर्षांत भूमिती आणि विद्युत जोडणी शिकणाऱ्यांवर प्रयोग केले. आकृती एका ठिकाणी आणि तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे असले, की दोन्ही जुळवण्यातच विद्यार्थ्याची बरीच मानसिक शक्ती खर्च होते. स्पष्टीकरण आकृतीतच गुंफले तर तो लवकर शिकतो, असे त्यांना आढळले. पण त्याच संशोधनाची दुसरी बाजूही आहे. आकृती स्वतःहून पुरेशी बोलकी असेल, किंवा वाचणाऱ्याला ती आधीच समजत असेल, तर जवळ ठेवलेला जास्तीचा मजकूर मदत करत नाही. उलट आड येतो. बांधकामाचे ड्रॉइंग एकदा वाचून संपत नाही. मुकादम तेच शीट महिनोन्‌महिने उघडतो. पहिल्या आठवड्यात त्याला यादीकडे पाहावे लागते. नंतर नेहमीचे क्रमांक ओळखीचे होतात, आणि मग मजकुराच्या गर्दीतून मोकळी झालेली आकृती त्याला अधिक स्पष्ट दिसते. मात्र हे घडण्याची अट हीच की क्रमांक शीटनुसार बदलता कामा नये. शीटपुरते क्रमांक कधी ओळखीचे होतच नाहीत. पान उलटले की ओळख पुसली जाते. म्हणजे हा आक्षेप कीनोटवर जितका लागू पडतो, त्याहून जास्त तो चुकीच्या क्रमांकनावर लागू पडतो.

तरीही आक्षेपातला खरा भाग मान्य करून पद्धत आखली पाहिजे. यादी त्याच शीटवर असलीच पाहिजे. ‘टिपांसाठी पहिले शीट पाहा’ ही वाचणाऱ्याची छळवणूक आहे. रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा नियम वाचकाचा वेळ जपण्याविषयी आहे, आणि ड्रॉइंग काढणाऱ्यालाही तो तंतोतंत लागू आहे. शीटवरच्या यादीत फक्त त्या शीटवर वापरलेले क्रमांक यावेत, वर्गीकरणाच्या क्रमाने, शाखांच्या छोट्या शीर्षकांखाली. मोठ्या प्रमाणातल्या डिटेलमध्ये, जिथे जागा भरपूर आणि वस्तू मोजक्या असतात, तिथे क्रमांकासोबत वस्तूचे नावही बाणाशी लिहायला हरकत नाही, फक्त ते नाव मूळ यादीतूनच आलेले असावे. कीनोट वापरणे म्हणजे शब्दांना हद्दपार करणे नव्हे. शब्द एका जागी ठरवणे आणि मग हवे तिथे तेच वापरणे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप क्रमांकाच्या लांबीचा आणि अस्थिरतेचा. सहा आकडे, टिंब आणि अक्षर हे तोंडाने उच्चारायला अवघड आहे. शिवाय वर्गीकरण स्वतःच बदलते. हे खरे आहे. २००४ मध्ये मास्टरफॉरमॅटचे १६ विभाग वाढून ५० झाले, पाच आकड्यांचे क्रमांक सहा आकड्यांचे झाले, आणि ०९२५० या क्रमांकाखाली वर्षानुवर्षे असलेला जिप्सम बोर्ड ०९ २९ ०० वर गेला. यांत्रिकी सेवांचा १५ वा आणि विजेचा १६ वा विभाग फुटून नव्या विभागांत विखुरला. ज्यांनी कीनोटची यादी जुन्या क्रमांकांवर बांधली होती, त्यांना ती पुन्हा बांधावी लागली. पण या खर्चाची तुलना योग्य गोष्टीशी करायला हवी. वर्गीकरण काही दशकांतून एकदा मोठ्या प्रमाणावर बदलते, आणि चालू प्रकल्प जुन्या आवृत्तीवर पुरा करता येतो. शीटपुरता क्रमांक मात्र एकाच प्रकल्पात कितीही वेळा बदलतो. लांबीवर उपायही आहे: वर्गीकरणाचा गाभा राखून मूळ क्रमांकातले आकडे कमी करता येतात. लहान प्रकल्पात विभागाचे दोन आकडे आणि त्यापुढे दोन आकड्यांचा अनुक्रम, उदाहरणार्थ ०७-१२, एवढे पुरते. त्यात स्पेसिफिकेशनच्या नेमक्या प्रकरणाशी असलेले नाते थोडे सैल होते, पण शाखेचे नाते टिकते, आणि अनुक्रमात सुरुवातीपासून मोकळ्या जागा ठेवल्या तर नव्या वस्तू योग्य ठिकाणी बसवता येतात.

तिसरा आक्षेप अधिक नेमका आहे: सगळ्या टिपा वस्तूंच्या नसतात. दुरुस्तीच्या प्रकल्पात पाडकामाच्या प्लॅनवर ‘ही भिंत छतापर्यंत काढावी, शेजारची फरशी जपावी’ अशी सूचना असते. ती त्या जागेची, त्या शीटची, एकदाच लागणारी आहे. तिला वस्तूंच्या वर्गीकरणात कोंबणे कृत्रिम होईल. इथे शीटपुरता क्रमांकच योग्य, आणि अमेरिकेच्या मानकानेही ‘शीट कीनोट’ हा वेगळा प्रकार मान्य केला आहे. अट इतकीच की दोन्ही प्रकारांची खूण वेगळी असावी आणि याद्याही वेगळ्या असाव्यात. एकात वस्तूचे नाव, दुसऱ्यात जागेवरची सूचना. गोंधळ होतो तो एकाच यादीत दोन्ही मिसळल्याने: ४ म्हणजे ग्रॅनाइटची सिल, ५ म्हणजे ‘माप जागेवर तपासावे’, ६ म्हणजे पुन्हा एक वस्तू. सर्व शीटना लागू असणाऱ्या सूचनांना तर बाणाचीही गरज नाही; त्या सर्वसाधारण टिपांत एकदाच जाव्यात. ‘हे कशाचे नाव आहे की कोणाला दिलेला आदेश आहे’ हा प्रश्न प्रत्येक टिपेला विचारला की ती कुठे जाईल हे बहुधा लगेच ठरते.

चौथा आक्षेप सॉफ्टवेअरच्या बाजूने येतो: हे सगळे आता यंत्र करते, मग विचार कशाला? रेव्हिटसारख्या प्रणालीत कीनोटची यादी एका साध्या मजकूर फाइलमध्ये असते. प्रत्येक ओळीत क्रमांक, मजकूर आणि वरच्या गटाचा क्रमांक, मधे टॅब. भिंत, दार किंवा एखादे मटेरियल यांना क्रमांक एकदा जोडला की टॅग लावताच तो उमटतो, आणि शीटवर वापरलेल्याच टिपांची यादी आपोआप गाळून मिळते. फाइलमध्ये शब्द बदलला की ती पुन्हा लोड करताच सगळीकडे बदलतो. ही सोय मोठी आहे, पण तिने प्रश्न सोडवलेला नाही. तो एका फाइलमध्ये गोळा करून आपल्यापुढे ठेवला आहे. क्रमांक वर्गीकरणाने उमटवायचे की शीटनुसार १ पासून, असे दोन्ही पर्याय तीच प्रणाली देते, आणि निवड माणसालाच करावी लागते. गटांचे झाड चुकीचे लावले तर चूकही सगळ्या शीटवर तितक्याच वेगाने पोहोचते. ज्या फाइलमध्ये कोणीही ओळ घालू शकतो, तिची अवस्था काही महिन्यांत त्या दीडशे टिपांच्या बेशिस्त यादीसारखी होते. म्हणून यादीला एक राखणदार हवा. नवी टीप हवी असेल तर त्याच्याकडे मागायची. त्याने आधी ती वेगळ्या नावाने आहे का ते पाहायचे, मग स्पेसिफिकेशनमध्ये त्या वस्तूचे प्रकरण आहे का ते पाहायचे. नसेल, तर टीप देण्याआधी प्रकरण लिहायला सांगायचे. ही दुसरी तपासणी सर्वांत मोलाची आहे. वर्गीकृत कीनोट स्पेसिफिकेशनमधली गाळलेली पाने वेळेवर उघड करतो. शीटपुरता आकडा ती झाकून ठेवतो.

राहिला प्रश्न आपल्याकडचा. भारतातल्या बहुतेक कार्यालयांत मास्टरफॉरमॅटवर स्पेसिफिकेशन लिहिले जात नाही, तेव्हा त्याचे आकडे ड्रॉइंगवर आणणे म्हणजे नसलेल्या पुस्तकाचा पान क्रमांक देणे होईल. पण वर्गीकरण आपल्याकडेही आहे आणि ते रोजच्या वापरातले आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत आणि स्पेसिफिकेशनमध्ये ४ म्हणजे काँक्रीट, ५ म्हणजे आरसीसी, ६ म्हणजे वीटकाम, ११ म्हणजे फरशी, १३ म्हणजे फिनिशिंग, २२ म्हणजे वॉटरप्रूफिंग. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही अनेक बाबींच्या शेवटी प्रमाणित स्पेसिफिकेशनचा संकेत असतो: खोदकामाला बीडी-ए, वीटकामाला बीडी-जी, गिलाव्याला बीडी-एल. हे आकडे आणि अक्षरे अंदाजपत्रक करणाऱ्याला, बिल तपासणाऱ्या अभियंत्याला आणि सरकारी कामे घेणाऱ्या ठेकेदाराला ठाऊक आहेत. ड्रॉइंगवर मात्र ती क्वचितच उतरतात. गच्चीच्या डिटेलवर ‘२२-०३’ असा कीनोट असेल आणि मोजमापाच्या यादीतही तीच शाखा २२ असेल, तर प्रमाण मोजणारा, दर भरणारा आणि काम करून घेणारा एकाच धाग्यावर येतात. बाबीचा थेट क्रमांकच कीनोट म्हणून वापरावा, असा मोह इथे होईल. तो टाळलेला बरा. मोजमापाच्या यादीतले अनुक्रमांक प्रत्येक निविदेत बदलतात आणि एका वस्तूच्या मजल्यानुसार वेगळ्या बाबी होऊ शकतात. शाखा दोन्हीकडे समान असावी. तिच्या आतली वस्तू कीनोटने ठरवावी आणि बाबींशी तिचा मेळ एका तक्त्यात दाखवावा.

क्रमांकाचा आणखी एक लाभ आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या साइटवर ड्रॉइंग इंग्रजीत असते, मुकादम मराठीत बोलतो आणि कारागिरांपैकी अनेक जण हिंदी, बंगाली, उडिया किंवा तेलुगू बोलणारे असतात. ड्रॉइंगवर पसरलेला इंग्रजी मजकूर प्रत्येक भाषेत बदलून देणे शक्य नसते. पण मजकूर एका यादीत असेल आणि ड्रॉइंगवर फक्त क्रमांक असतील, तर यादीचे एक पान मराठीत किंवा हिंदीत करून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावणे सहज शक्य आहे, आणि ते पान सगळ्या शीटना पुरते. हेही शीटपुरत्या क्रमांकांनी साधत नाही. तिथे जितकी शीट तितक्या याद्या बदलाव्या लागतील.

लहान कार्यालये म्हणतील की बंगल्याच्या दहा शीटना एवढा थाट कशाला. थाट नकोच. दहा शीटच्या कामाला तीस-चाळीस टिपा पुरतात आणि पुढच्या बंगल्यात त्यांतल्या बहुतेक तशाच वापरता येतात. उलट लहान कार्यालयालाच यादीचा खरा आधार मिळतो, कारण तिथे अनुभव एक-दोन माणसांच्या डोक्यात असतो आणि ती माणसे गेली की तो जातो. प्रत्येक प्रकल्पातून शिकलेली गोष्ट, म्हणजे कोणता थर विसरला जातो, कोणत्या सांध्याला वेगळे सीलंट लागते, यादीत आपापल्या शाखेखाली जमा होत गेली तर पाच-सहा वर्षांत कार्यालयाला स्वतःचे ज्ञान हाताशी लागते. त्यासाठी एकच गोष्ट वेळेवर करायची असते: पहिले शीट काढण्याआधी यादीचे झाड लावायचे. ड्रॉइंग पुरी झाल्यावर क्रमांक वाटायला बसले की ते फक्त आकडे असतात. आधी शाखा ठरवल्या तर इमारत कशाकशाची बनणार आहे याचा विचार तिथेच सुरू होतो, आणि ज्या वस्तूला नाव, शाखा आणि प्रकरण मिळाले नाही ती अजून ठरलेलीच नाही, हे साइटवर कळण्याआधी टेबलावर कळते.